जाळ्याच्या दोरीची नाडी

माझ्या दुकानात परकर घ्यायला आलेल्या बाईला मी आधी कंबर विचारत नाही, दिवसभर काय करतेस ते विचारते. बायकांना हे चमत्कारिक वाटतं. त्या कमरेचा आकडा घरून घोकून आलेल्या असतात आणि तो बहुतेक वेळा पहिल्या बाळंतपणाच्या आधीचा असतो. पण बोईसरच्या कारखान्यात पाळीभर उभी राहून गोळ्यांची पाकिटं भरणारी आणि बँकेत खुर्चीवर बसणारी, या दोघींना एकच परकर देऊन कसं चालेल? उभी राहणारीला सुती पॉपलिनचा हवा, कळ्यांचा, पाऊल मोकळं पडेल असा. बसणारीच्या पोटावर नाडीची घडी रुततेच, म्हणून तिला वरची पट्टी रुंद हवी. सॅटिनचा परकर दिसतो छान, पण त्याच्यावरून साडी घसरते. ती घसरू नये म्हणून बाई नाडी आवळते, आणि इथूनच सगळं बिघडतं.

हल्ली तो फिशकट परकर निघालाय, अंगाला चिकटून बसणारा. मुली तोच मागतात. मी विकते, दुकान आहे माझं. पण देताना ऐकवते, की बाई, हा दोन तासांच्या लग्नापुरता, दिवसभर घालून बसलीस तर जिना चढताना रडशील. चड्डी सुती घे, आणि तिचं इलॅस्टिक नाडीच्या रेघेवर येणार नाही असं बघ, एकाच जागी दोन दोऱ्या नकोत. ब्लाऊजचं माप द्यायला येशील तेव्हा जी ब्रा रोज घालतेस तीच घालून ये, ठेवणीतली नको. नाडी बोटभर रुंद, गाठ पुढे नको, बाजूला. गाठ मारून झाली की आत दोन बोटं जायला हवीत. नाही गेली तर सोड आणि पुन्हा बांध.

दोन बोटांचं हे मी वीसेक वर्षं सांगत आलेय. नवरीला साडी नेसवायला गेले तरी आधी तिच्या नाडीत माझी दोन बोटं जातात, मग निऱ्या. पालघरपासून तारापूरपर्यंत किती बायकांच्या कमरेला माझा हात लागला असेल, देव जाणे. माझ्या आईच्या कमरेला तो कधी लागला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच.

आई समुद्राकाठी राहते, माझ्या भावाकडे. भावाची बोट आहे. आईनं आयुष्यभर मासळी विकली, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडून. आता हिंडणं थांबलंय, पण दारातल्या वलांडीवर, म्हणजे त्या बांबूच्या उभ्या-आडव्या मांडणीवर, बोंबील वाळत घालायला ती अजून सुनेच्या आधी उठते. बोईसरहून स्कूटीनं तिथं जायला मला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा साखरपुडा बोईसरच्या एका हॉलमध्ये होता. आई आदल्या दिवशी आमच्याकडे पामला आली. पाम हे माझं सासर. सकाळी सगळ्या तयार व्हायला लागल्या आणि आई नेहमीप्रमाणे साडी घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. ती कधीच कुणासमोर नेसत नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दार वाजवलं तर म्हणाली, "खांदा वळत नाय. निऱ्या हातात राहत नायत."

तिचा उजवा खांदा तेव्हा आखडला होता. मी आत गेले. ती परकर-ब्लाऊजवर उभी होती, साडी पलंगावर. मी सवयीनं तिच्या परकराच्या नाडीकडे हात नेला आणि ती एकदम मागे सरकली.

"हात नको लावू गो. परकर मी बांदलाय."

"दोन बोटं जातात का बघते फक्त."

"जातात."

कुठली जायला. परकर कमरेत असा रुतला होता, की वरची कातडी त्याच्यावर दुमडून आली होती. मी तिचं न ऐकता गाठ शोधली. गाठ सुटेना. नखाला लागत होतं ते कापड नव्हतं. वाकून पाहिलं तर नाडीच्या नेफ्यातून हिरवी नायलॉनची दोरी बाहेर आली होती, जाळी विणायची, काडीएवढी बारीक. माझ्या भावाच्या अंगणात तिची रिळं पडलेली असतात.

"हे काय घातलंस?"

"सुती नाडी खाऱ्या पाण्यानं कुजते. ही तुटायची नाय कदी," असं ती जरा कौतुकानंच म्हणाली.

मी कात्री आणून दोरी कापली. परकर सैल झाला, आणि मी तिची कंबर पाहिली. कमरेभोवती काळा पट्टा होता, बोटभर रुंद. तो बऱ्याच बायकांना असतो, मी रोज पाहते. पण डाव्या बाजूला, जिथे ती गाठ मारायची, तिथे त्या पट्ट्यात एक जखम होती. रुपयाच्या नाण्याहून मोठी, कडा वर आलेल्या, मधोमध ओली. तिच्यावर हळद लावलेली होती आणि वर चोळीच्या कापडाची घडी ठेवलेली होती.

मला पहिल्यांदा राग आला. हे मी लपवणार नाही. दया नंतर आली.

"किती दिवस झाले?"

"घट्टा हाय. दोरीचा. हाताला पडतो तसा कमरेला पडला."

"घट्टा ओला नसतो, आई. किती दिवस?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "दोन होळ्या झाल्या."

बाहेरून सगळ्या हाका मारत होत्या, गाडी आली होती. मी जखमेवर स्वच्छ कापड ठेवलं, माझा एक सैल परकर तिला घातला, त्याला रुंद नाडी, आणि साडी नेसवली. साखरपुड्यात ती पहिल्या रांगेत बसली, पेढा खाल्ला, विहीणबाईंशी बोलली. मी मागे उभी राहून तिच्या कमरेकडे पाहत होते. त्या दिवशीच्या एकाही फोटोत मी हसत नाहीये.

खरा तिढा पुढे सुरू झाला. आई डॉक्टरकडे यायला तयार होईना. जखमेला तिनं सगळं करून पाहिलं होतं, हळद, चुना, करवंटीचं तेल, शेजारणीनं दिलेलं मलम. फक्त दाखवली कुणाला नव्हती. सुनेलासुद्धा नाही. "पायाला लागला असता तं दाखवला असता. कमर कशी उगडी करू?" हे तिचं म्हणणं. पोटाच्या वर ब्लाऊज, पोटाच्या खाली साडी, मधली चार बोटं कंबर तर रोज जगाला दिसते, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, ती दिसते ती वेगळी आणि दाखवायची ती वेगळी. माझ्या दुकानाच्या पडद्याआड रोज तेच घडतं, हे मला माहीत होतं.

शेवटी पालघरला एक डॉक्टरीणबाई सापडल्या. त्यांनी आईला पलंगावर झोपवलं, हातमोजे घातले, जखमेच्या कडा दाबून पाहिल्या, मग जांघेत गाठी लागतात का ते चाचपलं. मग मला विचारलं, "साडी रोज नेसतात? नाडी घट्ट?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं एकाच जागी दोरी काचत राहिली, कातडी सोलत राहिली, की कधी कधी तिथे नुसती जखम राहत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आठ-दहा दिवस लागतील.

"कधी कधी म्हणजे?" मी विचारलं.

"रिपोर्ट येऊ दे," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली पिशवी पाहिली, तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव होतं आणि खाली 'परकर, ब्लाऊज, फॉल-पिको'. मी पिशवी उलटी धरली.

आता जे सांगायचं आहे ते मी माझ्या नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नाही.

माझी आई मुळात परकर घालणारी बाईच नव्हती. आमच्याकडच्या बायका लुगडं नेसायच्या, कासोटा मारून, गुडघ्याच्या वर चापून चोपून. त्या लुगड्याला नाडी नसते. कापडाचेच वेढे कमरेला बसतात, रुंद आणि मऊ, आणि कमरेचा भार सगळीकडे वाटला जातो. लुगडं नेसून आई ओल्या वाळूतून पळू शकायची. पाटी डोक्यावर, एक हात मोकळा, आणि चालीत असा तोरा, की गावातली कुत्रीही वाट सोडायची.

ती ज्या गावांत मासळी विकायची त्यांत पाम होतं. आणि मला स्थळ आलं ते पामचं. सासरे तारापूरच्या कारखान्यात, घरातल्या सगळ्या बायका गोल साडीतल्या. लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात एकच धास्ती, की ही बाई उद्या पाटी घेऊन, मांड्यांपर्यंत लुगडं खोचून, माझ्या सासरच्या दारात उभी राहणार आणि बोंबील घ्या म्हणून ओरडणार. मी तेव्हा शिवणकामाच्या क्लासला जात होते. क्लासमध्ये शिवलेला पहिला परकर मी आईला दिला. फिकट निळा, कळ्यांचा, शिवण थोडी वाकडी. आणि म्हणाले, "पामला येशील तेव्हा तरी गोल नेस."

तिनं परकर उलटासुलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. "तू शिवलास?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं गोल साडी नेसली आणि मग पामलाच कशाला, सगळीकडेच. लुगडी तिनं वाटून टाकली.

पण काम तर तेच राहिलं. गोल साडी नेसून वाळूत चालायचं तर ती वर खोचायला लागते. वर खोचली की सगळा भार नाडीवर. डोक्यावर ओझं असलं की पोट आत-बाहेर होतं, नाडी सैल वाटते, मग ती आणखी आवळायची. घामानं आणि खाऱ्या पाण्यानं सुती नाडी वर्षभरात तुटायची. मग तिनं तिच्या पद्धतीनं तोड काढली. जाळ्याची दोरी पापलेटाचं वजन पेलते, मग साडीचं का नाही पेलणार? समुद्राकाठच्या बाईलाच सुचेल असा हा शहाणपणा. तिच्या कमरेला ती दोरी मी बांधली नव्हती हे खरं. पण ती बांधायची वेळ माझ्यामुळे आली होती.

रिपोर्टची वाट पाहायच्या त्या दिवसांतही मी दुकान उघडत होते. एक दिवस कारखान्यातली एक बाई आली, उत्तरेकडची, डोक्यावर अजून कामावरची टोपी. परकर घालून पाहिला आणि पडद्याआड नाडी खेचायला लागली. मी म्हटलं, ढीला रखो. ती हसून म्हणाली, "दीदी, ढीला रखूँगी तो मशीन पर साड़ी कौन सँभालेगा? दोनों हाथ तो काम में हैं।" इतकी वर्षं मी दोन बोटं, दोन बोटं म्हणत आले, आणि ज्या बाईचे दोन्ही हात कामात आहेत तिनं काय करायचं हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला परकराऐवजी आत घालायला ढिली सुती विजार सुचवली, वर ड्रेस घाल म्हटलं. ती म्हणाली, सासू घालू देत नाही. तिनं परकरच घेतला. मी निदान नाडी काढून रुंद पट्टी घालून दिली आणि गाठ रोज नव्या जागी मार असं दोनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात मी आईच्या गावी गेले, तिच्या परकरांतल्या दोऱ्या काढून टाकायला. ती वलांडीशी होती. मी तिची ट्रंक उघडली. वरचे तीन परकर वापरातले, तिन्हींत हिरवी दोरी. मी नेफ्यातून ओढून त्या कापल्या. दोऱ्यांचा रंग कमरेच्या जागी काळपट पडला होता. मग ट्रंकेत खाली हात घातला आणि हाताला नवं कापड लागलं.

खाली अकरा परकर होते. कोरे. घड्या मी घातलेल्या तशाच, दुकानाच्या कागदात. माझ्या हातचे. सगळ्यांना माझी रुंद सुती नाडी.

आता मला आठवलं. दोन-तीन वर्षांपासून आईचा दर दोन महिन्यांनी फोन यायचा, परकर फाटला, नवा आण. आधी मी दिवाळीला दोन द्यायचे, ते पुरायचे. मग अचानक फाटायलाच लागले. मी वैतागायचे. "परकर खातेस का?" असंही एकदा म्हटलं होतं. शिवायचे, घेऊन जायचे. कित्येकदा स्कूटी बंदही न करता दारात उभ्या उभ्या तिच्या हातात पुडकं द्यायचे आणि परत फिरायचे, दुकान उघडं आहे म्हणून. ती म्हणायची, चा घेऊन जा. मी म्हणायचे, पुढच्या वेळी.

मला वाटलं, जुन्या बायकांचं असंच असतं, चांगलं ते ठेवणीत टाकायचं आणि फाटकं वापरायचं. ट्रंक लावली. तिला काही विचारलं नाही. मनात रिपोर्ट होता.

रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरीणबाईंनी शब्द उच्चारला आणि लगेच म्हणाल्या, कातडीपुरता आहे, आत पसरलेला दिसत नाही, कापून काढता येईल. मला पहिलाच शब्द ऐकू आला. आईला तो मी सांगितला नाही, पण तिला कळलं. ती मला म्हणाली, "तुजं तोंड बघून समजला."

ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात झालं. जखमेभोवतीची बरीच कातडी काढली, मांडीची सोलून तिथे लावली. मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, यांना काय झालं? आई म्हणाली, "मासा चावला." पहिल्यांदा त्या दिवसांत मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, ते थांबेना. कित्येक दिवसांचं साठलेलं होतं ते.

ती वाचली, आजवर तरी. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. दर तपासणीच्या आधीचा आठवडा मी कुणाशी धड बोलत नाही, घरातले आता मला त्या आठवड्यात काही विचारतही नाहीत.

पण कमरेला काहीही बांधायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग आई गाऊनमध्ये आली. गाऊन घालून ती ओटीच्या बाहेर पाऊल टाकेना. वलांडीवर जाईना, शेजारी जाईना, बाजारात तर नाहीच. भावाचा फोन आला, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. मी म्हटलं, गाऊन काय वाईट आहे, सगळ्या घालतात. तो म्हणाला, ती म्हणते आजारी माणसाचा कपडा आहे.

मग मी शिवायला बसले. खांद्यावरून पट्ट्या येतील असा परकर, जुन्या शाळेच्या मुलींच्या फ्रॉकसारखा. कंबर मोकळी, सगळा भार खांद्यांवर. साडी खोचायला छातीखाली रुंद मऊ पट्टी, तीही सैल. पहिला चुकला, साडी घसरली. दुसरा चुकला. तिसऱ्याला मी साडीलाच आतून बटणं लावली, परकराच्या पट्टीत अडकवायची. मी स्वतः तो घालून दिवसभर दुकानात वावरले. त्या संध्याकाळी परकर उतरवला आणि आरशात माझीच कंबर पाहिली. तिच्यावरही काळा पट्टा होता, इतक्या वर्षांच्या नाडीचा. नवऱ्याला हाक मारून दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईकडे गेले. ओटीवर ऊन होतं, वलांडीवर सून बोंबील टांगत होती. आईला आत नेऊन मी तो परकर घातला, साडी नेसवली, बटणं लावली. निऱ्या पायाच्या बोटांवर नीट पडल्या. ती दोन पावलं चालली, मग चार. उंबरठ्यापर्यंत गेली आणि बाहेर डोकावली. सून म्हणाली, "आय, चांगला दिसतंय." आई ओटीच्या पायरीवर जाऊन बसली. तीन महिन्यांनी पहिल्यांदा ती बाहेर बसली होती.

मी तिच्या शेजारी बसले. स्कूटी बंद होती. आणि मला ते विचारावंसं वाटलं, जे ट्रंक लावली तेव्हापासून आत अडकून होतं.

"ते अकरा परकर कशाला ठेवलेस? चांगली मऊ नाडी होती त्यांना. ते घातले असतेस तर ही वेळ आली नसती."

ती उन्हातून जरा बाजूला सरकली.

"नाय फाटायचे गो ते," म्हणाली. "मी म्हनायची फाटले. परकर द्यायला तरी तू यायचीस."

"मग घालायचे होते ना."

"घातले असते तं दिसला असता तुला, फाटले नायत म्हनून."

"आणि जखम? जखमेचं तरी सांगायचं."

"सांगितला असता तं तू म्हनाली असतीस, परकर घालू नको." मग म्हणाली, "मंग कशाला आली असतीस?"

मी खाली पाहिलं. माझ्या आईनं परकराला लुगडं दिलं, कमरेची कातडी दिली, कारण तो मी शिवलेला होता आणि तो पोचवायला मला अर्धा तास यावं लागायचं. हे मला कुणी दोष म्हणून सांगितलं असतं तर मी भांडले असते. तिनं दोष दिलाच नाही.

सून आत चहा टाकायला गेली. मी थांबते म्हटलं. चहा पिऊन झाला, ऊन उतरायला लागलं, मी उठले. पिशवी घेतली. तेव्हा आईनं डाव्या खांद्यावरची पट्टी ओढून दाखवली.

"ही जरा टोचते. घेऊन जा, नीट करून आन."

मी पट्टीखाली बोटं घातली. दोन गेली, तिसरंही सहज गेलं. पट्टी मऊ होती, शिवण बाहेरच्या बाजूला होती, टोचण्यासारखं काही नव्हतं. मी हसून आणते म्हणणार होते. मग वाटलं, हिला काही दुखत असेल तेव्हाही ही असंच सांगेल, आणि दुखत नसेल तेव्हाही असंच, आणि मला दोन्हींतला फरक यापुढे कधीच कळणार नाही. मी पिशवी खाली ठेवली, तिला उजेडाकडे वळवलं, पट्टी बाजूला केली आणि खांद्याची कातडी नीट पाहिली. मग दुसरा खांदा पाहिला. मग तिला आत नेलं, परकर उतरवला आणि कंबरही पाहिली, तिनं नको म्हटलं नाही.

"बुधवारी घेऊन येते," मी म्हटलं.